तिने पोळी लहान केली नाही

माझ्या बायकोने उभ्या आयुष्यात पोळी लहान केली नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे माझं लिहिणं इकडेतिकडे जाईल. मी चौथी शिकलेला माणूस. कागदावर सरळ चालायची मला सवय नाही. पण हे एक वाक्य खरं आहे आणि ते मला कुठेतरी छापलेलं पाहिजे, कारण याच्या अगदी उलटं वाक्य छापायला निघालेलं.

आणि निघालेलं आमच्याच मुलीच्या पुस्तकातून.

मुलगी अर्थशास्त्राची प्राध्यापक आहे. ठाण्याला खोपटच्या बाजूला राहते. कर आणि महागाई हा तिचा विषय. पेपरात लिहिते, टीव्हीवर चारपाच चौकटींपैकी एका चौकटीत बसून बोलते. तिचं सगळं बोलणं मला कळतं असं नाही, पण ती बोलताना समोरचा मध्ये तोंड घालू लागला की ती हाताचा तळवा दाखवून त्याला थांबवते, ते मला कळतं. ती तिच्या आईची सवय. आई जाऊन आठ महिने झाले. ती गेल्यावर मुलीने हे पुस्तक लिहायला घेतलं. लहानपणापासून कराबद्दल आणि महागाईबद्दल तिला काय काय वाटत गेलं आणि ते कसं बदलत गेलं, असं ते पुस्तक. त्यात आम्ही आहोत. मी आहे, तिची आई आहे, डोंबिवलीला मानपाडा रोडवरचा आमचा पोळीभाजी केंद्राचा गाळा आहे.

आधी माझं सांगतो. मी जकात नाक्यावर होतो. साहेब नव्हे, कारकूनही नव्हे, दांडा वर करणारा. शहरात येणाऱ्या मालावर तेव्हा जकात होती. तेल, साबण, कापड, लोखंड, सगळ्यावर. ट्रक यायचा, खिडकीवर पैसे भरायचा, पावती दाखवायचा, मग मी दांडा वर करायचो. उन्हातान्हात तेवढंच काम. आता जकात गेली. नव्या पोरांना तो शब्दसुद्धा माहीत नाही.

मुलगी दुसरीत असेल. जेवताना विचारते, "बाबा, नाक्यावर पैसे कोण देतं?"

"ट्रकवाला."

"का?"

"शहरात माल आणतो म्हणून."

"मग तो गरीब होत असेल ना?"

मी हो म्हणणार तेवढ्यात चुलीपुढून बायको बोलली. चूल म्हणतोय, पण स्टोव्ह होता. "ट्रकवाला कशाला गरीब होतोय? तो दुकानदाराकडून काढतो. दुकानदार माझ्याकडून. तुझे बाबा दांडा वर करतात ना, तो पैसा मीच भरते. माझ्या हातचं जेवतात आणि माझ्याकडूनच जकात घेतात."

पोरगी खो खो हसायला लागली. मला राग आला. "मग काय, नोकरी सोडू?"

"सोडू नका. पण ट्रकवाला भरतो असं पोरीला सांगू नका."

हे मुलीने पुस्तकात लिहिलंय आणि बरोबर लिहिलंय. खिडकीवर पैसे देणारा एक असतो आणि खरा भरणारा दुसराच असतो, हे समजायला ती पुढे जाडजाड पुस्तकं शिकली. मी म्हटलं, आईकडेच शिकवणी लावायचीस, फी वाचली असती.

केंद्र आम्ही काढलं ते मुलगी पाचवीत असताना. माझ्या पगारात भागत नव्हतं, दुसरं कारण नाही. डोंबिवलीत नवराबायको दोघं कामाला जाणारी घरं वाढत होती. संध्याकाळी दमून आलेल्या बाईला कणीक मळायची ताकद नसते. तिला तयार गरम पोळी पाहिजे असते. बायकोने दोन बायका हाताशी घेतल्या आणि सुरू केलं. घडीची पोळी, घडीला तेलाचं बोट, तव्यावर टम्म फुगलेली. कणकेचे गोळे मात्र ती स्वतःच करायची. परातीपुढे मांडी घालून बसायची आणि एका मागोमाग एक तोडत जायची. काटा लागायचा नाही. एकदा मी गंमत म्हणून दोन गोळे दुकानदाराच्या काट्यावर नेऊन ठेवले. पारडं हललं नाही. ती म्हणाली, "झालं समाधान? आता ते दोन गोळे कुत्र्याला घाला, किती जणांचे हात लागलेत त्यांना."

पीठ महाग व्हायचं, तेल महाग व्हायचं. ते तर होतच राहतं. तेव्हा रस्त्यावरची बाकीची केंद्रं काय करायची? भाव तोच ठेवायची आणि गोळा लहान करायची. गिऱ्हाइकाला पटकन कळत नाही. घरी गेल्यावर पोरं म्हणतात आज भूक राहिली, एवढंच. आमच्या हिने तसं कधी केलं नाही. ही पुठ्ठ्यावर खडूने नवा भाव लिहायची आणि पुठ्ठा गल्ल्यासमोर नाकाच्या उंचीवर टांगायची.

"अहो वहिनी, परवा तर दीड रुपया होती!"

"परवा गहूही परवाचा होता."

"समोर अजून तोच भाव आहे."

"मग समोरची आणि माझी एकावर एक ठेवून बघा. आणि मग या."

काही जण यायचे. बरेच जण यायचे नाहीत. मानपाडा रोडला तिचं नाव महागडी बाई असं पडलं होतं, आणि ते तिला माहीत होतं. मी चिडायचो. म्हणायचो, "अगं, थोडा गोळा लहान घे ना. सगळे घेतात. कोणाला कळतंय?"

तिचं उत्तर मला पाठ आहे. "भाव वाढवला तर माणसाला दिसतो. तो माझ्याशी भांडतो, नाहीतर दुसरीकडे जातो. गोळा लहान केला तर त्याने भांडायचं कोणाशी? पोटाशी?"

मुलगी कॉलेजात गेली आणि तिच्या डोक्यात वारं शिरलं. कोणाची तरी पुस्तकं वाचली असणार. कर म्हणजे लूट, असं म्हणायला लागली. सगळे कर काढले की सगळं स्वस्त. एकदा घरी पाहुणे आलेले, माझे साडू आणि त्यांची माणसं. त्यांच्यासमोर ही म्हणते, "बाबांचा नाका बंद झाला पाहिजे. बाबा दांडा वर करतात आणि गावाचा भाव वर जातो."

साडू हसायला लागले. मी ताट सरकवलं. "तुझ्या कॉलेजची फी त्या दांड्यानेच उचललीय. रस्त्यावर दिवा लागतो ना तुझ्या, तो काय आकाशातून लागतो?"

"दिव्यासाठी तेलावर कर कशाला? गरीब पण तेच तेल खातो."

"मग श्रीमंताकडून घ्या म्हणावं, मी कुठे नको म्हणतोय? दांड्याला काय कळतं ट्रक कोणाचा आहे?"

आठवडाभर आम्ही बोललो नाही. बायको मधे पडली नाही. म्हणाली, "तुम्ही दोघं शहाणे आहात. मला पन्नास पोळ्यांची ऑर्डर आहे."

पुढे काही वर्षांनी जकात खरंच गेली. तोवर मुलगी शिकवायला लागलेली. माझी बदली बागेवर झाली, राखणदार म्हणून. आधी ट्रक आत सोडायचो, आता जोडपी बाहेर काढायला लागलो. मुलगी ठाण्याहून आली ती जिंकल्यासारखी. चपला काढायच्या आधी विचारते, "आई, तेलाचा डबा किती उतरला?"

आई म्हणाली, "उतरला ना. दुकानदार रस्त्यात उभा राहून वाटतोय. पिशवी घेऊन जा."

मुलगी पिठाच्या पोत्यावर बसली. मग उठून स्वतः तीन दुकानं हिंडून आली. डबा होता त्याच भावाला. त्या दिवसापासून तिचं बदललं. कर काढला म्हणजे तो पैसा गिऱ्हाइकाच्या हातात पडतोच असं नाही, मधे पुष्कळ खिसे असतात, असं ती म्हणायला लागली. कर असावा, पण तो शेवटी कोणाच्या ताटातून जातोय ते बघावं. आता टीव्हीवर हेच सांगते. मला अभिमान आहे. माणसाने मत बदलावं, त्यात लाज नाही. माझं भांडण त्यावरून नाही.

भांडण पोळीवरून आहे.

मुलगी दहावीत होती तेव्हाची गोष्ट. बायकोचा भाऊ साताऱ्याकडे गावी वारला. ती दिवस होईपर्यंत तिकडे राहिली. केंद्र मी बघणार होतो. नाक्यावरून रजा घेतली. नेमका त्याच आठवड्यात पिठाचा भाव वाढला. पुठ्ठ्यावर नवा भाव लिहायची माझी हिंमत झाली नाही. ती असती तर तिने लिहिला असता आणि लोकांच्या तोंडाला तोंड दिलं असतं. मला ते जमत नाही. मी हाताखालच्या बाईला म्हटलं, "गोळा थोडा लहान घ्या."

ती म्हणाली, "वहिनींना विचारलंत का, भाऊ?"

"मी सांगतोय ना."

"मग तुम्हीच तोडा. माझा हात नाही वळत."

म्हणून मी तोडायला बसलो. या हातांनी. पहिल्या दिवशी भीती वाटली, तिसऱ्या दिवशी मजा वाटायला लागली. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, बघा, मी सांगत होतो. एका संध्याकाळी मुलगी अभ्यासाचं पुस्तक घेऊन गाळ्यात बसलेली. तव्यावरच्या पोळीकडे बघून म्हणाली, "बाबा, पोळी लहान झाली ना?"

मी म्हटलं, "पीठ महाग झालंय."

बस, एवढंच. खोटं नव्हतं. पीठ महाग झालेलंच. पण कोणी केली, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

बायको परत आली ती पिशवीसकट थेट गाळ्यावर आली. परातीतला एक गोळा उचलला, तळहातावर ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"किती दिवस हे चाललंय?"

"अकरा."

दुसऱ्या दिवसापासून अकरा दिवस तिने प्रत्येक पुडक्यात एक पोळी जादा घातली. सख्ख्या भावाचे दिवस करून आलेली बाई, डोळे सुजलेले, आणि पोळ्या मोजून जादा घालत होती. लोक परत यायचे. "वहिनी, एक जास्त आली." ती म्हणायची, "जास्त नाही, बरोबर आहे." कारण सांगायची नाही. सांगितलं असतं तर माझी अब्रू गेली असती. बाराव्या दिवशी तिने पुठ्ठ्यावर नवा भाव लिहिला आणि शिव्या खाल्ल्या. मला त्यावर एक शब्द बोलली नाही. तेव्हा नाही, पुढे कधी नाही, दवाखान्यातही नाही. मी तिच्या उशाशी बसून असायचो. वाटायचं, आता तरी म्हण काहीतरी. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता मी पोळ्या विकत आणतो. कागदासारख्या असतात. तीन खाल्ल्या तरी चौथीची आठवण येते. पण ते असो.

मुलीच्या डोक्यात मात्र त्या संध्याकाळची पोळी राहिली. आई तेव्हा गावी होती हे तिच्या डोक्यातून गेलं. दहावीच्या वर्षात पोरांना परीक्षेशिवाय काय आठवतं? पोळी म्हटली की आईच. मग लहान केली ती आईनेच. आणि त्या पोळीवर तिने पुढे आपलं सगळं म्हणणं उभं केलं. महागाई आली की हातावर पोट असलेल्या विकणाऱ्यापुढे पर्याय राहत नाही, चांगला माणूससुद्धा माप मारतो. हे ती वर्गात शिकवते. मला हे ठाऊक नव्हतं. मला कळलं ते गेल्या महिन्यात, डोंबिवलीच्या एका सभागृहात.

पुस्तक निघण्याआधी तिचं व्याख्यान ठेवलेलं. मला पहिल्या रांगेत बसवलं. शाल दिली, नारळ दिला. नाक्याचा किस्सा तिने सांगितला, लोक हसले, मीही हसलो. मग ती म्हणाली, "माझी आई फार प्रामाणिक होती. पण पीठ महाग झालं तेव्हा तिनेसुद्धा पोळी लहान केली. मी ती पोळी डोळ्यांनी पाहिली. महागाई मला पहिल्यांदा तिथे कळली."

मागे बायका च् च् करायला लागल्या. कीव करत होत्या. आमच्या हिची कीव. मी उभा राहिलो.

कार्यक्रमाचा माणूस माईक घेऊन धावत आला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय. म्हणाला, "काका दोन शब्द बोलू इच्छितात."

मी म्हटलं, "दोनच बोलतो. खोटं आहे."

मुलगी व्यासपीठावरून हळूच म्हणाली, "बाबा, आपण घरी बोलू."

"घरी नाही. तू इथे बोललीस, मी इथेच बोलणार. पोळी तिने लहान केली नाही. मी केली. ती गावी गेलेली. परत आली आणि तिने अकरा दिवस भरपाई दिली. बसतो आता."

बसलो. तेवढ्यात मागून एक बाई बोलल्या, साठीच्या असतील. "अहो, पण काका खरं सांगतायत. मी त्यांचं गिऱ्हाईक. तुमच्या आई भाव इतका वाढवायच्या की मी दोनदा केंद्र बदललं. पोळी मात्र तिथलीच आवडायची म्हणून परत आले."

लोक हसले. मीसुद्धा शालीत तोंड घालून हसलो आणि मग मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. मुलगी पाणी प्यायली आणि तिने पुढचं भाषण पूर्ण केलं. त्या पोळीचा तिने परत उल्लेख केला नाही.

नंतर सगळे माझ्यावर चढले. साडूंचा फोन आला. "भर सभेत पोरीची लाज काढलीस."

मी म्हटलं, "पोरीची नाही, माझी काढली. ती माझी होती, मी काढली."

"एवढ्या वर्षांनी कोणाला फरक पडतो? वहिनी गेल्या."

"गेल्या म्हणूनच. ती असती तर तिने स्वतः उत्तर दिलं असतं, मला बोलायची गरज नव्हती."

मुलगी पंधरा दिवस आली नाही. मग एका रविवारी दुपारी आली, बॅगेत कागद घेऊन. छपाईच्या आधीची पानं. जेवली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "बदललंय मी. ऐका." वाचायला लागली. त्या दिवसांत आई गावी होती, असं आता नीट लिहिलेलं. पुढे होतं, परिस्थितीपुढे माझ्या बाबांचं काही चाललं नाही आणि पोळी लहान झाली.

मी म्हटलं, "थांब. हे पण खोटं."

"आता काय खोटं आहे, बाबा? तुमचंच आहे की."

"माझं चाललं होतं. तेच पीठ, तोच तवा, तीच गिऱ्हाइकं. तिचं त्या परिस्थितीपुढे चाललं, मग माझं का चालणार नव्हतं?"

ती चिडली. "बाबा, मी इतकी वर्षं हेच शिकवलंय. लहान विकणाऱ्यापुढे पर्याय नसतो. तुम्ही म्हणताय तसं लिहिलं तर माझं पहिलं प्रकरण पडतं."

"पडू दे. तुझा नाक्याचा विचार पडला तेव्हा काय मेलीस का? उलट शहाणी झालीस."

"तो वेगळा. तेव्हा मी चुकले होते."

"आताही चुकलीस. पर्याय दोन होते. भाव वाढवा आणि शिव्या खा, नाहीतर गोळा लहान करा आणि गप्प बसा. तिने पहिला घेतला, मी दुसरा. महागाई आली होती, मान्य. पण तोडायला परातीपुढे महागाई बसली नव्हती, मी बसलो होतो."

ती पेनाचं टोपण लावत होती, काढत होती. खाली कोणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडत होतं, ते ऐकत बसलो. मग तिने मला सरळ विचारलं, प्राध्यापकासारखं नाही, पोरीसारखं.

"मग का केलंत तुम्ही?"

या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट बघत होतो. दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून.

"कोणाला कळणार नव्हतं म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. उगाच मोठं करू नकोस."

"हे असंच लिहू?"

"असंच लिही. आणि मी गेल्यावर मऊ करू नकोस."

तिने तो परिच्छेद आडव्या रेघेने खोडला. मग त्याच्या वरचा खोडला. मग पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पहिल्यापासून लिहायला लागली. मी समोरून हललो नाही.